वाढवणच्या समुद्राचे दोन निवाडे

आमच्या वसईच्या किनाऱ्यावर 'बंदर' हा शब्द ज्या अर्थाने उच्चारला जातो, तो अर्थ शासकीय कागदपत्रांत सहसा सापडत नाही. पाचूबंदर, किल्लाबंदर ही नावे घेताच आपल्या डोळ्यांसमोर येतात त्या वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, सावलीत जाळे सांधत बसलेला एखादा वृद्ध नाखवा, बांबूच्या मांडवावर दोरीला टांगलेले बोंबील आणि टोपल्या सावरीत लगबगीने चाललेल्या कोळिणी. शासनाच्या भाषेत मात्र बंदर म्हणजे खोल पाणी, धक्के, याऱ्या, मालाच्या प्रचंड पेट्या आणि त्या वाहून नेणारे लोहमार्ग. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ किनाऱ्यावर शेजारी शेजारी नांदू शकतात काय, हा प्रश्न पालघर जिल्ह्यातील वाढवण या गावासमोर गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात उभा राहिला. त्याचे एक उत्तर १९९८ साली मिळाले आणि त्याच्या नेमके उलट उत्तर २०२३ साली. समुद्र तोच, गाव तेच, कायदाही बव्हंशी तोच. मग निवाडा का बदलला? त्या पंचवीस वर्षांचा इतिहास वाचकांसमोर ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

वाढवण हे डहाणू तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव. शेजारी वरोर, चिंचणी, उत्तरेला धाकटी डहाणू, दक्षिणेला तारापूर आणि त्याच्याही खाली सातपाटी. पोर्तुगीज अमदानीत वसई ही ज्या उत्तर प्रांताची राजधानी होती त्याच प्रांतातील ही ठाणी. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ च्या आरंभी डहाणू आणि तारापूर पडले आणि त्याच वर्षी वसईही पडली. त्यामुळे हा मुलूख आपल्याला परका नाही. २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हा डहाणू तालुकाही आपल्याच धर्मप्रांतात आला. मला गुरुदीक्षा मिळून तेव्हा फारसे दिवस झाले नव्हते. नव्या धर्मप्रांताच्या आनंदात आम्ही होतो. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याच धर्मप्रांताच्या उत्तर टोकाला एक असाधारण निकाल लागला, याची मला तरी त्या वेळी पुरेशी जाणीव नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

पण आमच्या दर्यावर्दी लोकांना ती होती. वसई, नायगाव, उत्तन येथील डोलकरांचा डहाणूच्या समुद्राशी संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, आणि तो नेहमीच गोडीगुलाबीचा नाही. ज्यांचे घर मासेमारीवर चालत नाही अशा वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. डोल हे पिशवीच्या आकाराचे, मागे निमुळते होत जाणारे जाळे. ते माशाच्या मागे धावत नाही. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना त्याचे तोंड बांधून ठेवायचे, भरती-ओहोटीच्या प्रवाहाने मासळी आपल्या पायांनी चालत यावी तशी आत येते, आणि पाणी फिरण्याच्या सुमारास जाळे ओढून घ्यायचे. उधाणाला पाण्याला ओढ असते म्हणून जाळे भरते, भांगाला ओढ मंदावते म्हणून हात रिकामे राहतात. बोंबील, करंदी, जवळा ही सारी या डोलीची मासळी. जाळे बांधण्याच्या त्या जागेला 'कव' म्हणतात. कव कोणाची, हे कोठे लिहिलेले नसते. आजोबांनी मारलेली कव नातू चालवतो आणि शेजारचा नाखवा ती मानतो, एवढाच तिचा आधार. दक्षिणेकडचे म्हणजे आमचे डोलकर उत्तरेकडे सरकत पालघर-डहाणूच्या समोरच्या पाण्यात कवी मारू लागले, तेव्हा सातपाटी व डहाणूच्या बांधवांनी हरकत घेतली. हा तंटा जुना आहे आणि कित्येक बैठका होऊनही पुरता मिटलेला नाही. त्याचा येथे उल्लेख एवढ्याचसाठी की, ज्या समुद्राला बाहेरची माणसे मोकळे पाणी समजतात तो प्रत्यक्षात शेताच्या बांधांप्रमाणे वाटलेला आहे.

आता कायद्याकडे वळू. किनारा राखला पाहिजे हा विचार आपल्या देशात शासकीय पातळीवर प्रथम ठळकपणे व्यक्त झाला तो १९८१ साली, जेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सागरकिनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यांकन सक्तीचे केले, आणि १० एप्रिल १९९७ च्या दुरुस्तीने त्यात जनसुनावणी आली. म्हणजे प्रकल्पाच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क कागदावर मिळाला त्याला अजून तीस वर्षेही झालेली नाहीत.

डहाणूची गोष्ट मात्र याहून वेगळी होती. तेथे ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र येणार म्हणताच स्थानिक बागायतदार आणि पर्यावरणप्रेमी न्यायालयात गेले. १९९१ च्या मार्चमध्ये ते सर्वोच्च न्यायालयात हरले आणि केंद्र उभे राहिले. परंतु त्या लढ्याने डहाणूकडे देशाचे लक्ष वेधले. २० जून १९९१ रोजी केंद्र शासनाने संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला. उद्योगांचे हिरवे, नारिंगी आणि लाल असे तीन वर्ग पाडण्यात आले. लाल वर्गाला तालुक्यात मज्जाव झाला आणि उद्योगांखालील एकूण जमीन ५०० एकरांपुरती मर्यादित करण्यात आली. घोळवडच्या चिकूच्या वाड्या, वारल्यांचे डोंगर आणि कोळ्यांचा किनारा या सर्वांना मिळून एकच छत्र लाभले.

अधिसूचना निघाली, पण ती पाळणार कोण? 'सँक्च्युअरी' नियतकालिकाचे संपादक बिट्टू सहगल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेकडून पाहणी करवून घेतली आणि ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी आदेश दिला की, निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र प्राधिकरण नेमावे. त्याप्रमाणे १९ डिसेंबर १९९६ रोजी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. दादा धर्माधिकारींचे हे चिरंजीव. सर्वोदयाचा संस्कार घरातच झालेला. एका तालुक्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेवरून स्वतंत्र प्राधिकरण नेमले जाणे ही आपल्या देशात विरळा घटना होती. वसईत त्याच्या काही वर्षे आधी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली होती. आमच्या वाट्याला असे प्राधिकरण आले नाही. ते आले असते तर आज वसईचे चित्र काय असते, याचा विचार मनात येतोच.

प्राधिकरणाची पहिली मोठी कसोटी लगेचच आली. महाराष्ट्र शासनाने वाढवण येथे महाबंदर बांधण्याचे योजले आणि ते काम पी अँड ओ या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे देण्याचे ठरले. जागेची निवड अविचाराने झाली होती असे म्हणता येणार नाही. वाढवणसमोर किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते, आणि मोठ्या जहाजांना ती हवी असते. पण खोली ही जहाजाची गरज झाली. त्याच जागी किनाऱ्यालगत खडकाळ पठार आहे, ओहोटीला उघडे पडणारे. शेवंड आणि निवट्यांपासून लहान माशांपर्यंत अनेक जीव तेथे आसऱ्याला असतात. त्याच खडकांत शंखोदर नावाचे हिंदू बांधवांचे पवित्र स्थान आहे. पापलेट, घोळ, दाढा यांच्या विणीसाठी डहाणू ते सातपाटी हा पट्टा मच्छीमारांत नावाजलेला. त्याला ते 'गोल्डन बेल्ट' म्हणतात. गावातील पुष्कळ घरे सोन्याचांदीच्या दागिन्यांचे साचे करण्याच्या, म्हणजे डायमेकिंगच्या धंद्यावर चालतात. बंदराविरुद्ध कोळी, आदिवासी, बागायतदार आणि हे कारागीर एकत्र आले. एरवी या चौघांना एका सतरंजीवर बसवणे सोपे नाही.

१९ सप्टेंबर १९९८ रोजी प्राधिकरणाने निकाल दिला की, १९९१ ची अधिसूचना, किनारा नियमन आणि तालुक्याचा प्रादेशिक आराखडा पाहता वाढवण येथे असे बंदर बांधता येणार नाही. निकालाचा मुख्य रोख मला फार महत्त्वाचा वाटतो. बंदराकडे केवळ पाण्यातील बांधकाम म्हणून पाहिले गेले नाही. त्याच्यामागून येणारे रस्ते, लोहमार्ग, गोदामे, दगडाच्या खाणी, वाढणारी वस्ती हे सर्व एकत्र धरून, या तालुक्याला हा भार पेलवेल काय, असा प्रश्न विचारला गेला. आणि उत्तर 'नाही' असे आले. कंपनी परत गेली.

परीक्षणाच्या आजच्या रीतीत नेमकी हीच समग्र दृष्टी हरवण्याचा धोका असतो. कामाचे तुकडे पाडले जातात. मोठ्या बंदराचे काम म्हटले की दगड, यंत्रे आणि माणसे उतरवण्यासाठी आधी एखादा तात्पुरता धक्का लागतो. अहवालात त्याच्या परिणामांपुढे 'अल्पकालीन' असे लिहून पुढे जाता येते. मराठीत धक्का या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि कोळ्याला दोन्ही एकदमच कळतात. अभियंत्याचे दोन वर्षांचे तात्पुरते बांधकाम म्हणजे डोलकराचे दोन हंगाम. त्या दोन हंगामांत होडीचे कर्ज थकते, खलाशी दुसरीकडे जातात, मुलाचे शिक्षण थांबते. धक्का काढून नेला तरी हे परत येत नाही. दुसरी गोष्ट पाहणीच्या ऋतूची. पुष्कळ प्रकल्पांना पावसाळा वगळून एका ऋतूची मोजमापे पुरेशी मानली जातात. समुद्रावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाची पावसाळ्यात अडचण होते हे मान्य. पण मासळीच्या विणीचा मुख्य काळ तोच, आणि म्हणून तर कोळी त्या दिवसांत होडी पाण्यात घालीत नाही. ज्या महिन्यांत घर भरलेले असते ते वगळून घराची शिरगणती करावी, तसे हे होते.

१९९८ चा निकाल सतरा वर्षे टिकला, असे म्हणावयास हरकत नाही. मधल्या काळात प्राधिकरणाने वीजकेंद्राला गंधकाचे वायू शोषणारी यंत्रणा बसविण्याचा आदेश १९९९ मध्ये दिला आणि ती अखेर २००७ मध्ये सुरू झाली. आदेश आणि अंमलबजावणी यांमधले हे अंतर बोलके आहे. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. जून २०१५ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्यात करार झाला आणि वाढवण पुन्हा चर्चेत आले. या वेळी आराखडा बदलला होता. बंदर किनाऱ्याला लागून नव्हे, तर समुद्रात भराव घालून उभे करायचे, म्हणजे गावाची जमीन बंदरात जाणार नाही, असे सांगण्यात आले. ३ जानेवारी २०१९ रोजी न्यायमूर्ती धर्माधिकारींचे निधन झाले. बावीस वर्षे त्या प्राधिकरणाला एकच चेहरा होता. ५ फेब्रुवारी २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने बंदराला तत्त्वतः मान्यता दिली.

आणि मग आला तो छोटासा कागद, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला. डहाणूची अधिसूचना लाल उद्योगांना मनाई करते. तेव्हा बंदर हा उद्योग आहे काय? ३० एप्रिल २०२० रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरे, धक्के आणि गाळउपसा यांची गणना उद्योगेतर कामांत केली आणि ८ जून २०२० रोजी पर्यावरण मंत्रालयाने त्याच आशयाचे ज्ञापन काढले. देश टाळेबंदीत होता. मासळीचे बाजार बंद होते. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या प्रश्नाकडे तज्ज्ञांनी पुन्हा पाहावे असे म्हटले खरे, पण वाट मोकळी झाली होती. लक्षात घ्या, १९९८ नंतर वाढवणचा समुद्र उथळ झाला नाही, खडक हलला नाही, पापलेटाने विणीची जागा बदलली असेही कोणी सिद्ध केले नाही. बदलली ती वर्गवारी. धर्मशास्त्राच्या अभ्यासात आम्हाला व्याख्या काटेकोर ठेवण्याचे शिक्षण मिळते, कारण व्याख्या बदलली की निष्कर्ष आपोआप बदलतो. ते सूत्र इतक्या ऐहिक ठिकाणी प्रत्ययास येईल, असे वाटले नव्हते.

३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने अटी घालून बंदराला संमती दिली. गंमत अशी की, त्यानंतर काही आठवड्यांतच सातपाटीच्या मच्छीमारांच्या मागणीवरून पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित करण्यात आले. १९ जानेवारी २०२४ रोजी पालघर येथे मोठ्या बंदोबस्तात जनसुनावणी झाली. १६ फेब्रुवारीला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या संमतीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. १९ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघर येथे पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, १०.१४ किलोमीटर लांबीची लाटरोधक भिंत, प्रत्येकी १,००० मीटर लांबीचे नऊ कंटेनर धक्के, असा हा आराखडा आहे.

बंदर हवेच म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. जगातील सर्वांत मोठी जहाजे आपल्या बहुतेक बंदरांना सहजी लागू शकत नाहीत, आपला कितीतरी माल परदेशी बंदरांत उतरवून पुन्हा चढवला जातो आणि त्याचा भुर्दंड देशाला पडतो. पालघरच्या शिकलेल्या मुलांना काम हवे आहे. आपल्याच धर्मग्रामांतील किती तरुण जहाजांवर आहेत हे मी सांगण्याची गरज नाही. त्यांतला एक मला म्हणाला, "फादर, मी ज्या जहाजावर जातो ते आपल्या गावासमोर थांबलं तर मला नको का?" मला उत्तर देता आले नाही. परंतु त्याच्या वडिलांचा प्रश्न वेगळा होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर परीक्षणाच्या कोणत्याही टप्प्यावर नीट दिले गेले असे मला दिसत नाही.

तो प्रश्न असा. बंदर समुद्रात आहे, जमीन घेतलेली नाही, म्हणून तेथून कोणी विस्थापित होत नाही, हे गणित ज्याच्याकडे सातबारा आहे त्याच्यासाठी बरोबर आहे. समुद्राला सातबारा नसतो. कवीची नोंद तलाठ्याकडे नाही, मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवान्यावर होडीचा क्रमांक असतो, कवीचा नाही. दहा किलोमीटरची भिंत आणि साडेतीन हजारांहून अधिक एकरांचा भराव पडल्यावर प्रवाह वळणार. किती वळेल यावर तज्ज्ञांत मतभेद होतील, वळेल यावर नाही. आणि डोल तर प्रवाहावरच जगते. कव भरावाखाली न जाताही निकामी होऊ शकते, जसे पाट फिरवला की शेत जागेवर राहूनही कोरडे पडते. अशा माणसाला बाधित म्हणावयाचे की नाही? म्हटले तर कशाच्या आधारे? आणि उत्तनचा किंवा वसईचा डोलकर, जो त्या गावचा रहिवासीही नाही, ज्याचा तेथील हक्क शेजाऱ्यालाच मान्य नाही, तो जनसुनावणीत कोणत्या बाकावर बसणार?

गेल्या पावसाळ्यानंतर होड्यांना आशीर्वाद देण्यासाठी किनाऱ्यावर गेलो असता वर उल्लेखिलेल्या त्या वडिलांना मी त्यांची कव कोठे आहे म्हणून विचारले. त्यांनी उत्तरेकडे हात केला आणि सांगितले की, महालक्ष्मीचा सुळका अमुक बाजूला धरायचा, तारापूरच्या अणुकेंद्राचे दिवे अमुक बोटावर घ्यायचे, आणि पाण्याचा रंग पालटला की खाली त्यांच्या वडिलांनी ठोकलेले खुंट. अलीकडे मुलाने जीपीएस आणून दिले आहे, ते डब्यात ठेवलेले असते. मी घरी येऊन बंदराचा छापील नकाशा काढला आणि त्यांनी सांगितलेल्या खुणा जुळवत बसलो. सुळका नकाशाबाहेर राहिला. अणुकेंद्र सापडले. तेथून वायव्येला पट्टी टेकवून रेघ ओढली, ती भिंतीच्या ठळक काळ्या रेषेच्या अगदी जवळून गेली. अलीकडून की पलीकडून, हे त्या मापाच्या नकाशावर समजले नाही. पुढच्या रविवारी मिस्सानंतर त्यांनी विचारले, "फादर, लागली का आमची कव?"